अंतिम सामना आणि घरातील सात मुले

१५ नोव्हेंबर २०२३ रोजी भाऊबीज होती आणि त्याच दुपारी वानखेडे मैदानावर भारत आणि न्यूझीलंड यांच्यात विश्वचषकाचा उपांत्य सामना होता. ओवाळणी आटोपून मोठी माणसे टीव्हीसमोर बसली आणि चार ते अकरा वर्षांच्या सात मुलांना मी दोन मोबाइल देऊन आतल्या खोलीत बसवले. विराट कोहलीचे पन्नासावे एकदिवसीय शतक पूर्ण झाले, तेव्हा मी आत दोन भाच्यांचे भांडण सोडवत होते. ते शतक पाहायचे हुकले याचे मला फार वाटले नाही; बाहेरचा जल्लोष ऐकून मुले दाराशी येऊन ‘काय झालं?’ असे विचारू लागली, ते मात्र मनाला लागले. घरात सण साजरा होत होता आणि मुलांना त्यातून मीच बाहेर ठेवले होते.

रविवारी, १९ तारखेला, अहमदाबादचा भारत-ऑस्ट्रेलिया अंतिम सामना पाहायला हीच मंडळी पुन्हा आमच्याकडे येणार होती. दुपारी दोनला सुरू होऊन रात्री नवाच्या पुढे चालणाऱ्या सामन्यात मुलांना एका जागी बसवून ठेवता येणार नाही, हे उघड होते. म्हणून या वेळी सामन्यातलेच काम त्यांच्या हाती द्यायचे मी ठरवले.

अंगणातला दिवाळीचा किल्ला अजून उभा होता, कारण तुळशीच्या लग्नापर्यंत तो मोडायचा नाही असा मुलांचा हट्ट होता. त्यावरचे अकरा मावळे आम्ही खाली उतरवले. महाराजांना मात्र मुलांनी सिंहासनावरून हलवू दिले नाही. टीव्हीशेजारी फरशीवर रांगोळीने मोठे मैदान, मध्ये खेळपट्टी आणि तिच्याभोवती आतले वर्तुळ काढले. पहिल्या दहा षटकांत वर्तुळाबाहेर दोनच क्षेत्ररक्षक, पुढच्या तीस षटकांत चार आणि शेवटच्या दहांत पाच, हा नियम दिरांनी समजावून सांगितला आणि पडद्यावर क्षेत्ररक्षण दिसले की त्याप्रमाणे मावळे हलवण्याचे काम तिघांनी घेतले. मिड-ऑन, पॉइंट, फाइन लेग हे शब्द मुलांच्या तोंडी तासाभरातच बसले. ट्रॅव्हिस हेडने कव्हरकडून मागे धावत जाऊन रोहितचा झेल घेतला, तेव्हा पुतण्याने हिरमुसल्या चेहऱ्याने का होईना, पण कव्हरचा मावळा नेमका तिथपर्यंत सरकवला.

मोठ्या भाचीकडे वही होती. प्रत्येक षटकानंतर धावा आणि गडी लिहायचे आणि आजोबांना वाचून दाखवायचे, एवढेच तिचे काम होते. आजोबांना पडद्यावरचे आकडे नीट दिसत नसल्यामुळे ते खरोखरीचे काम होते आणि म्हणूनच तिने ते सोडले नाही.

लहान तिघांसाठी चौकाराला नाचायचे असे ठरवले होते, पण ती योजना फसली. दहा षटकांत ८० धावा झाल्या खऱ्या. त्यानंतरच्या चाळीस षटकांत मात्र भारताला केवळ चार चौकार मारता आले. मुले कंटाळून फरशीवर लोळू लागली, तेव्हा मी नियम बदलला: कोहली आणि राहुल जितक्या धावा पळून काढतील, तितक्या वेळा मुलांनीही खिडकीपासून दारापर्यंत पळायचे. आम्ही तळमजल्यावर राहतो, त्यामुळे पायांच्या आवाजाची चिंता नव्हती. त्या दोघांची ६७ धावांची भागीदारी आमच्या घरात सर्वांत आनंदाची ठरली.

डाव २४० वर संपताच सगळ्यांना पार्किंगमध्ये नेले. प्लॅस्टिकची बॅट, रबरी चेंडू आणि ‘एक टप्पा आउट’ एवढ्यावर मध्यंतर सरले. चकल्या आणि चिवडा मुलांनी खेळता खेळताच खाल्ला.

ऑस्ट्रेलियाची अवस्था ३ बाद ४७ झाली, तोवर घर दणाणून गेले होते. पुढे हेड आणि लाबुशेन टिकून राहिले आणि धावांचा वेग वाढला, तसा मुलांचा आवाज बसत गेला. सर्वांत धाकटा झोपला. नऊ वर्षांचा पुतण्या रडू लागला आणि मावळ्यांना हात लावेना. त्याला ‘खेळच तर आहे’ असे मी म्हटले नाही, कारण आम्हा मोठ्यांचेही चेहरे तसे सांगत नव्हते. दिरांनी त्याला जवळ घेतले आणि २००३ मध्ये जोहान्सबर्गला याच संघाकडून आपण १२५ धावांनी हरलो, तेव्हा शाळकरी वयात आपणही असेच रडलो होतो, हे सांगितले. तो लगेच गप्प झाला नाही, पण त्यांच्या मांडीवर बसून शेवटपर्यंत सामना पाहत राहिला.

भाचीची वही मात्र चालूच होती. त्रेचाळिसाव्या षटकासमोर तिने २४१/४ लिहिले आणि आजोबांना वाचून दाखवले. याच दोन देशांचा टी-ट्वेंटी सामना गुरुवारी आहे, असे आजोबांनी सांगताच तिने पान उलटले आणि नव्या पानावर लिहिले: २३ नोव्हेंबर, विशाखापट्टणम.