तुम्ही विचारलेत म्हणून : कामगाराचे कौतुक

भोसरीतल्या एका कारखान्यात मी कामगार अधिकारी म्हणून बरीच वर्षे काढली, त्यामुळे लहानमोठे उद्योग चालवणारे परिचित भेटले की हमखास विचारतात : आपल्या कामाची कदर होते असे माणसांना मनापासून वाटावे, यासाठी कोणती योजना सुरू करावी?

योजना मीही सुरू केली होती. दरमहा एक ‘उत्कृष्ट कामगार’, फाटकाशी फलकावर त्याचा फोटो आणि एक भेटवस्तू. पुढे कोणी नाराज होऊ नये म्हणून हा मान एकेका खात्याला आळीपाळीने मिळू लागला, आणि फोटोसाठी उभ्या असलेल्या एका फिटरने मला शांतपणे विचारले, “साहेब, या महिन्यात आमच्या खात्याचा नंबर ना?” आपण काय चांगले केले हे त्याला ठाऊक नव्हते आणि, खरे सांगायचे तर, मलाही.

वास्तविक ड्रिलिंगच्या फिक्स्चरमध्ये, म्हणजे भोके पाडताना जॉब (मशीनवर घडवायचा भाग) पक्का धरून ठेवणाऱ्या साधनात, तो उलटा बसूच नये म्हणून याच माणसाने एक साधी पिन बसवली होती, आणि चुकीच्या बाजूने भोके पडून भंगारात जाणारे जॉब त्यामुळे वाचत होते. हे मला फार उशिरा, तेही चहाच्या टपरीवर, त्याच्या सुपरवायझरकडून कळले. मग ती पिन आम्ही फिक्स्चरच्या ड्रॉइंगमध्ये घेतली आणि तशाच दुसऱ्या फिक्स्चरवर बसवायला त्यालाच बोलावले. त्या दिवशी त्याच्या चेहऱ्यावर जे दिसले, ते फोटोत आले नव्हते. टोयोटामध्ये कामगारांच्या सूचना मागवण्याची पद्धत 1951 पासून आहे. सुचवलेले प्रत्यक्षात उतरलेले दिसते म्हणूनच माणसे पुन्हा सुचवतात, असे माझे मत आहे.

बोनसला मात्र कौतुक म्हणू नका. पात्र कामगाराला किमान 8.33 टक्के बोनस कायद्यानेच द्यावा लागतो, आणि दिवाळीत तो देताना मालक उपकाराची भाषा बोलू लागला की ऐकणारे मान खाली घालून हसतात.

फलक काढून मी सुपरवायझरांना एक वही दिली : कोणी, कोणत्या मशीनवर, नेमके काय केले. त्यांनी कुरकुर केली, कारण आज शाबासकी दिली तर उद्या हा पगारवाढ मागेल, ही त्यांची भीती होती. कामगार ती मागतोही, आणि अनेकदा त्याचे मागणे रास्त असते. वेतनवाढीच्या बैठकीत ती वही उघडून त्याची बाजू मांडणे हे माझे काम होते. ते मला दरवेळी जमले, असे नाही.