उजवी बाजू बोलली!

काकांचा सत्तरच्या दशकातला जपानी स्टिरिओ रिसीव्हर (रेडिओ आणि अ‍ॅम्प्लिफायर एकाच पेटीत) आज अखेर दोन्ही बाजूंनी वाजला! डावी बाजू ठणठणीत होती. उजवी मात्र आवाज वाढवला की यायची, कमी केला की गायब. ज्याला विचारावं तो म्हणे, आउटपुट ट्रान्झिस्टर, म्हणजे स्पीकरला ताकद पुरवणारे, गेले. पण ते जळले असते तर स्पीकरच्या टर्मिनलवर बराच डीसी व्होल्टेज दिसला असता; इथे तो जेमतेम 20 मिलिव्होल्ट, दोन्हीकडे सारखाच. मग उगाच ट्रान्झिस्टर का उपसायचे? जुन्या सेटवर आधी मीटर लावावा, सोल्डरिंग गन नंतर. दोष प्रोटेक्शन रिलेत निघाला, म्हणजे बिघाड झाला तर स्पीकर तोडणाऱ्या आपोआप चालणाऱ्या स्विचमध्ये. आतले कॉन्टॅक्ट काळेकुट्ट झाले होते. बारीक सिग्नल त्यातून जाणार कसा? नवा 24 व्होल्टचा रिले बसवला. कुठे शॉर्ट असलाच तर करंट अडावा म्हणून सिरीजमध्ये बल्ब लावून सेट चालू केला. बल्ब भपकन पेटला, मंदावला (म्हणजे शॉर्ट नाही), आणि काही सेकंदांनी रिलेचं ते ‘टक्’! काय आनंद झाला म्हणून सांगू! लगेच 102.8 वर विविधभारती लावली. आता डायलचे दिवे तेवढे राहिलेत.