कोडवाल्यांचं सायटेशन

हायकोर्टाच्या बार रूममध्ये चहा पिताना कोणीतरी म्हणतंच, ‘युरोपात मजा आहे राव! सगळं कोडमध्ये, म्हणजे संहितेत लिहिलेलं, सायटेशनची, म्हणजे जुने निवाडे दाखले म्हणून देण्याची हमाली नाही.’ सिनियरच्या मागून फोर्टभर निवाड्यांचे गठ्ठे वाहिलेली मी. तरी मला हे पटत नाही.

फ्रेंच नागरी संहिता १८०४ ची. तिचं कलम ५ न्यायाधीशाला बजावतं, समोरच्या खटल्यापुरतं बोल, सरसकट नियम घालू नकोस. क्रांतीपूर्वी तिथली मोठी न्यायालयं असे नियम सर्रास जारी करत, त्याचा हा राग. पण कलम ४ म्हणतं, कायदा गप्प आहे या सबबीवर निकाल टाळलास तर तूच गुन्हेगार. मग बिचाऱ्याने करायचं काय?

तो गुपचूप कायदा घडवतो. फ्रान्समधल्या बेल्फोर गावात १९२५ साली एका मुलीला ट्रकने उडवलं. संहिता लिहिली तेव्हा ट्रक कुठे होते? ‘आपल्या ताब्यातल्या वस्तूं’बद्दलचा एक त्रोटक उल्लेख होता, तेवढाच. त्यावरून तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने १९३० मध्ये ठरवलं की वाहन ज्याच्या ताब्यात, तो जबाबदार. त्याची चूक सिद्ध करायची गरज नाही. हा निकाल कागदोपत्री इतर खटल्यांत कोणावरही बंधनकारक नव्हता. पण खालच्या न्यायालयाने वेगळं काही ठरवलं, तर ते वर रद्द होणार, हे सगळेच जाणून होते. रस्ते अपघातांचा वेगळा कायदा तिथे थेट १९८५ ला आला. तोवर त्या एका निकालावरच भागलं. (आणि हे न्यायालय आपल्या निकालांत स्वतःचेच जुने निकाल सहसा उद्धृत करत नसे. आपल्याकडे उतारेच दहा पानं!)

आमच्या कामात खरी गंमत गोव्याची. तिथे वारसाहक्काला १८६७ ची पोर्तुगीज संहिता लागायची आणि तिचा अर्थ लावणार आपली न्यायालयं. २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं, गोव्याचं डोमिसाइल (कायद्याच्या दृष्टीने कायमचं घर) असलेल्या माणसाच्या मुंबईतल्या मालमत्तेलाही तीच लागू. राज्यघटनेच्या अनुच्छेद १४१ मुळे हे आता देशभर सगळ्या न्यायालयांवर बंधनकारक.

गिरगावातले गोवेकर अशील मृत्युपत्र पुढे सरकवतात, ‘मॅडम, बाबांनी खोली धाकट्याच्या नावे केलीय.’ मी आधी बाबांचं डोमिसाइल विचारते. ते गोव्याचं निघालं, तर मुलंबाळं असताना मृत्युपत्राने फक्त अर्धीच मालमत्ता देता येते. थोरला तोवर खुर्ची पुढे ओढून बसलेला असतो.