पुरात गेलेल्या सीडी आणि बहिणीकडची हार्ड डिस्क

विकत घेतलेल्या सीडीची घरच्यापुरती कॉपी काढणं ही चोरी होते का, यावर परवा जेवताना मेहुण्याशी जुंपली. मेहुणा वकील. त्याचं बोलणं ‘तसं बघायला गेलं तर’नं सुरू होतं आणि हात वाळले तरी संपत नाही.

आमचं घर कोल्हापुरात, शाहूपुरीत, तळमजल्यावर. ऑगस्ट 2019 ला राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगा 55 फुटांच्या वर गेली (धोका पातळी 43), तेव्हा गाण्यांचं कपाट निम्मं पाण्यात. पाणी उतरल्यावर बादलीत एकेक सीडी धुतली. गाळ निघतो. पण कव्हरचा कागद ओला होऊन सीडीच्या छापील बाजूला चिकटतो, आणि ओढला की त्याच्यासोबत चंदेरी पापुद्राही सुटून येतो. गाणं वाचलं जातं ते त्या पापुद्र्यावरून. खालच्या बाजूच्या चऱ्याला लोक उगाच घाबरतात. हलका चरा पॉलिशनं जातो. वरचा थर उडाला की सीडी उन्हाकडं धरली तर आरपार दिसतं, मग कितीही पुसा.

ज्या वाचल्या त्या सगळ्या लॅपटॉपवर फ्लॅकमध्ये, म्हणजे आवाजाचा दर्जा न घटवणाऱ्या फायलींत, उतरवून घेतल्या. 2021 ला परत पाणी आलं तेव्हा सीडी माळ्यावर होत्या आणि हार्ड डिस्क राजारामपुरीत बहिणीकडं.

आता प्रत्येक कव्हरवर बारीक अक्षरात छापलेलं असतं, की विनापरवाना कॉपी करायला मनाई. मेहुण्याला ते दाखवलं तर म्हणाला, “दाजी, कव्हर म्हणजे कायदा न्हवं. कलम 52 वाचा.” 1957 च्या कॉपीराइट कायद्यात खासगी, वैयक्तिक वापरासाठी रास्त प्रमाणात केलेला वापर उल्लंघन धरत नाहीत. आधी ही सवलत साहित्य, नाटक, संगीत, चित्र अशा कृतींनाच होती. 2012 च्या दुरुस्तीनं ती कॉम्प्युटर प्रोग्रॅम सोडून सगळ्यांना लागू झाली, म्हणजे ध्वनिमुद्रण आणि सिनेमाही आत आले. प्रोग्रॅमच्या बॅकअपची तरतूद वेगळी आहेच.

“मग डीव्हीडीला कॉपी होऊ नये म्हणून कुलूप कशाला?” माझा प्रश्न. त्याच दुरुस्तीत कलम 65अ आलं: हक्कभंगाच्या इराद्यानं असलं कुलूप तोडलं तर दोन वर्षांपर्यंत कैद आणि दंड. इरादा नसेल तर? “तसं बघायला गेलं तर, ते कोर्ट ठरवणार.” म्हटलं, आता हायकोर्टाचं सर्किट बेंच इथंच कोल्हापुरात आलंय, टाकूया की याचिका. गड्याचे डोळे चमकले. बायकोनं ताट उचललं.

कायदा राहू दे, मला रास्त काय ते कळतंय असं वाटतं. आमच्या कॉलेजच्या दिवसांत यादी नेऊन दिली की दुकानदार नव्वद मिनिटांची कोरी कॅसेट भरून द्यायचा. आम्ही खूश, तो खूश, गाणाऱ्याला मात्र छदाम नाही. तो धंदा होता. माझ्या फायलींचे पैसे एकदा दुकानात मोजलेले आहेत. सीडीचं प्लास्टिक नदीनं नेलं म्हणून माझा हक्क वाहून गेला, हे मला पटत नाही.

पण तो हक्क उंबऱ्याच्या आतला. तालमीतला एक दोस्त म्हणाला, सगळं फोल्डर मार की पेनड्राइव्हवर. मी म्हटलं, सीडींचा डबाच घेऊन जा, मी माझ्याकडच्या फायली पुसून टाकतो. “लई शाणा झालास लेका,” म्हणून गेला. डबा नेला नाही.

खरा राग वेगळाच आहे. एका ॲपवर मराठी ऑडिओबुकं विकत घेतली होती, छापील पुस्तकाच्या भावात. कॉपी काढायची सोय नाही. एक दिवस मेल आला, सेवा बंद. पूर नाही, गाळ नाही, आणि सगळंच गेलं. मेहुणा म्हणतो, अटींवर टिक तुम्हीच केली होती, त्यात ऐकण्याचा परवानाच दिलेला असतो. असेल. मग परवान्याला परवान्याचा भाव लावा. हल्ली मी सीडी मिळाली तर सीडीच घेतो, नाहीतर फाइल उतरवून ठेवू देणाऱ्याकडून घेतो. कुलपातला माल असेल तर महिन्याचं भाडं भरतो आणि ऐकून मोकळा होतो. पुस्तकाची किंमत त्याला देत नाही.