ओपनडब्ल्यूआरटी बसवताना इंटरनेट कंपनीशी पडलेली गाठ

घरच्या राउटरवर ओपनडब्ल्यूआरटी हे मोफत, खुले फर्मवेअर (म्हणजे राउटर चालवणारे सॉफ्टवेअर) बसवायचे मनात असेल, तर त्याची फाइल उतरवण्याआधी आपल्या इंटरनेट कंपनीकडून तीन गोष्टी लेखी मिळवा: पीपीपीओईचे (कंपनीच्या सर्व्हरवर लॉगिन करून जोडणी घेण्याच्या पद्धतीचे) यूझरनेम आणि पासवर्ड, व्हीलॅन क्रमांक (त्यांच्या जाळ्यातल्या आपल्या मार्गिकेचा क्रमांक), आणि त्यांच्या सर्व्हरवर नोंदलेला जुना मॅक ॲड्रेस (उपकरणाचा ओळख क्रमांक) काढून टाकण्याचे आश्वासन. मी या तिन्ही गोष्टी आधीच मागितल्या होत्या. पहिल्या दोन कशाबशा मिळाल्या. तिसऱ्याबद्दल ‘ते आपोआप होतं’ असे तोंडी सांगण्यात आले, आणि त्या एका वाक्यापायी आमचे घर कित्येक दिवस मोबाइलच्या हॉटस्पॉटवर चालले.

मला नवे फर्मवेअर हवे होते त्याचे कारण साधे होते. मी कार्यालयाची मोठी फाइल चढवू लागलो की मुलीच्या ऑनलाइन वर्गातला आवाज तुटायचा. वेग कमी नव्हता. चढवायच्या पॅकेटांची रांग साचत होती, आणि ती रांग नीट लावणारी एसक्यूएम ही सोय ओपनडब्ल्यूआरटीमध्ये आहे. कंपनीच्या फायबरच्या डब्यात तसे काहीच नव्हते, म्हणून तो ब्रिज मोडमध्ये (यात डबा स्वतः जोडणी न करता फक्त सिग्नल पुढे देतो) टाकून जोडणीचे काम माझ्या टीपी-लिंक आर्चर सी७ कडे द्यायचे ठरवले.

फर्मवेअर चढवणे सोपे गेले. राउटरच्या तळाच्या लेबलवर हार्डवेअरची आवृत्ती छापलेली असते, ती माझ्याकडे ५ होती; नेमकी त्याच आवृत्तीची ‘फॅक्टरी’ (पहिल्यांदा बसवायची) फाइल घेतली, तिचा चेकसम (फाइल जशीच्या तशी उतरल्याची खूण) पडताळला आणि मूळ फर्मवेअरच्या अपग्रेडच्या पानावरून ती चढवली. नंतर १९२.१६८.१.१ या पत्त्यावर नवे पान उघडले. तेव्हा वायफाय बंद असते आणि पासवर्डही नसतो, त्यामुळे लॅन केबल जवळ हवी आणि पहिले काम पासवर्ड ठेवण्याचे. कंपनीच्या डब्याचा पत्ताही बहुधा हाच असतो, म्हणून राउटरचा पत्ता बदलून घ्यावा.

खरी अडवणूक यानंतर सुरू झाली. यूझरनेम, पासवर्ड, व्हीलॅन सारे भरले, तरी जोडणी होईना. कस्टमर केअरचे उत्तर ठरलेले होते: ‘सर, तुमचा राउटर सपोर्टेड नाही.’ पण ओपनडब्ल्यूआरटीच्या सिस्टम लॉगमध्ये काय बिघडले ते स्पष्ट दिसत होते. ‘टाइमआउट वेटिंग फॉर पॅडो पॅकेट्स’ अशी ओळ आली असती, तर पलीकडून कोणी उत्तरच देत नाही, म्हणजे व्हीलॅन किंवा ब्रिज मोड चुकला आहे, असा अर्थ झाला असता. माझ्याकडे पॅडो, म्हणजे कंपनीच्या सर्व्हरचे पहिले उत्तर, येत होते, सत्र सुरू होत होते, आणि त्यानंतर ‘ऑथेंटिकेशन फेल्ड’ दिसत होते. याचा अर्थ कंपनीचा सर्व्हर माझ्या राउटरशी बोलत होता आणि बोलून झाल्यावर नकार देत होता. पासवर्ड बरोबर असल्याचे त्यांनीच सांगितले होते, तेव्हा जुन्या डब्याच्या मॅक ॲड्रेसशी बांधलेले खाते हेच कारण उरत होते.

हे मी फोनवर समजावले, लॉगचा फोटो पाठवला, स्थानिक कार्यालयात लॅपटॉप नेऊन दाखवला. कार्यालय म्हणे, हे मुख्यालयातून होते; मुख्यालय म्हणे, स्थानिक इंजिनिअरला सांगा. दरम्यान ‘आपल्या तक्रारीचे निवारण झाले आहे’ असा एसएमएस यायचा आणि तिकीट बंद व्हायचे. पैसे भरणाऱ्या ग्राहकाला असा एसएमएस पाठवणे मला आजही अपमानास्पद वाटते. डब्यावर छापलेला मॅक ॲड्रेस राउटरच्या वॅनला (इंटरनेटकडच्या बाजूला) देऊनही पाहिला, परंतु वॅनचा पत्ता पुष्कळदा छापील पत्त्याहून शेवटच्या आकड्याने वेगळा असतो, आणि ब्रिज मोडमध्ये डबा तो दाखवत नाही. म्हणून ब्रिज मोड करून घेण्यापूर्वी डब्याच्या स्टेटस पानावरून वॅनचा मॅक ॲड्रेस अवश्य टिपून ठेवा; तो असला, तर कंपनीची मनधरणी करावीच लागणार नाही.

शेवटी मी ट्राय या दूरसंचार नियामक संस्थेच्या २०१२च्या नियमांचा आधार घेतला. त्यांनुसार प्रत्येक तक्रारीला क्रमांक द्यावा लागतो, आणि निवारण न पटल्यास कंपनीच्या अपील प्राधिकरणाकडे विनाशुल्क दाद मागता येते. बंद केलेल्या तिकिटांचे क्रमांक आणि लॉगमधील ओळी जोडून अपील पाठवल्यावर एका इंजिनिअरचा फोन आला. त्यांनी जुनी नोंद काढली, मी ‘रीस्टार्ट’ दाबले, आणि वॅनच्या चौकटीत आयपी पत्ता उमटला. त्या इंजिनिअरचे मी मनापासून आभार मानले.

आणखी काही गोष्टी आठवतात. ४ एमबी फ्लॅश आणि ३२ एमबी रॅमचे जुने राउटर आजच्या आवृत्त्यांना पुरत नाहीत. सी७ मध्ये १६ आणि १२८ आहेत. वायफाय सुरू करताना देश भारत निवडावा. फर्मवेअर चढवताना वीज गेली तरी धीर सोडू नये: लॅपटॉपला १९२.१६८.०.६६ हा पत्ता देऊन त्यावर टीएफटीपी (फाइल पाठवण्याची साधी पद्धत) सर्व्हर चालवला आणि रीसेटचे बटण दाबून सी७ चालू केला, की तो ठरलेल्या नावाची फाइल स्वतः मागून घेतो. एसक्यूएममध्ये वेग मोजलेल्या वेगाच्या नव्वद टक्क्यांच्या आसपास ठेवावा. मी तसा ठेवल्यापासून फाइल चढत असतानाही वर्गातला आवाज अखंड येतो. पुढच्या आवृत्तीसाठी ‘सिसअपग्रेड’ची फाइल लागते, आणि त्याआधी सेटिंगचा बॅकअप उतरवून घ्यावा, कारण एवढ्या खटपटीने मिळालेला पीपीपीओईचा पासवर्ड त्यातच असतो.