कोळवण खोऱ्यातली पाणंद, सात गाड्या आणि जुलैचा चिखल

चिखलातून गाडी काढायची तर आधी गाडीतून उतरून तो चिखल चालून यायचा. हौसेने चिखला-ओढ्यांतून जीपगाड्या चालवणाऱ्या आमच्या गटात नव्याने आलेल्या प्रत्येकाला पहिली गोष्ट हीच सांगितली जाते. मलाही सांगितली होती. तिचा खरा अर्थ मुळशीतल्या पाणंदीत, टाचेपर्यंत लाल राडीत उभं राहिल्यावर कळला.

पौडवरून कोळवणकडे वळलं की पुण्याची गर्दी एकदम मागे पडते. वळकी नदीच्या दोन्ही बाजूंना भातखाचरं आणि त्यांच्यामधून जाणाऱ्या गाडीवाटा. खोरं ओलांडून पुढे जवणकडे गेलं की तिकोना दिसायला लागतो. ढग उतरलेले नसतील तर. आम्ही मुद्दाम लावणी उरकल्यानंतरचा रविवार धरला होता. लावणीच्या ऐन धांदलीत या वाटांवर ट्रॅक्टर, पॉवर टिलर, रोपांचे भारे वाहणारी माणसं यांची सारखी ये-जा असते. त्यांच्या वाटेत आपण हौसेच्या गाड्या घालणं मला अजिबात पटत नाही.

गटातले दोघं आदल्या आठवड्यात जाऊन ज्यांच्या शेताला ही पाणंद लागून आहे त्यांना भेटून आले होते. त्या दिवशी सकाळी आम्ही सगळेच पुन्हा त्यांच्या ओसरीवर थांबलो. त्या घरच्या शेतकरी बाबांनी चहा दिला आणि एकच गोष्ट सांगितली. "वाट सगळ्यांचीच हाय, जा. तेवढा बांध सांभाळा. बांध फुटला का खाचरातलं पाणी जातं, मग रोपानं करायचं काय?" त्यानंतर दिवसभर वॉकीटॉकीवर सगळ्यात जास्त वेळा ऐकू आलेला शब्द 'बांध' हाच होता.

डांबरी संपली तिथे टायरमधली हवा उतरवली. रस्त्यावर मी माझ्या मारुती जिप्सीला साधारण २६ ठेवतो, इथे १६ पीएसआयवर आणली. हवा कमी केली की टायर लांबट पसरतं, जमिनीला जास्त जागा धरतं आणि वजन वाटलं जातं. फार कमी केली तर वळताना टायर रिमवरून सुटू शकतं, म्हणून त्याखाली कुणी गेलं नाही. फोर-लो गिअर, म्हणजे चारही चाकांना कमी वेगात जास्त जोर देणारा, इथेच टाकून घेतला. चिखलात अडकल्यावर लिव्हर शोधत बसलं की तोवर चाकं आपला खड्डा खणून मोकळी होतात.

मग पायी निघालो. हातात काठी. वरचा चार बोटं थर लोण्यासारखा मऊ, पण काठी दाबली की खाली मुरूम लागत होता. मावळ-मुळशीच्या या तांबड्या मातीचा हा मोठा आधार. चाक थोडं खाली जातं आणि कशाला तरी टेकतं. देशावरच्या काळ्या मातीत पावसाळ्यात असा भरवसा नाही. ती टायरच्या नक्षीत गच्च बसते आणि चाक गुळगुळीत होऊन जागच्या जागी फिरतं. एका ठिकाणी मात्र काठी गुडघाभर आत गेली. वरच्या खाचरातलं पाणी पाझरून तिथे मुरूम विरघळल्यासारखा झाला होता. ट्रॅक्टरच्या चाकोऱ्या तिथेच सर्वांत खोल होत्या आणि दोन चाकोऱ्यांमधला वरंबा उंच.

नियम एकच होता. वाटेत एका वेळी एकच गाडी, बाकीच्या घट्ट जमिनीवर. समोर एकच माणूस खुणा करणार, आणि चालवणारा फक्त त्याच्याकडे बघणार. सगळ्यांनी मिळून सूचना दिल्या की चालवणाऱ्याला एकही ऐकू येत नाही.

पहिली गाडी सुरेख गेली. दुसरी त्या पाझराच्या जागी थांबली. वरंब्यावर गाडीचं पोट टेकलं आणि चारही चाकं अधांतरी असल्यासारखी झाली. चालवणाऱ्या मैत्रिणीने ताबडतोब पाय काढला, आणि निम्मं काम तिथेच झालं. अशा वेळी अॅक्सिलरेटर रेटत राहिलं की गाडी एक्सलपर्यंत बसते.

पुढची पाऊण तास मेहनत मला अजून जशीच्या तशी आठवते. दोघांनी पोटाखालची माती कुदळीने ओढली, दोघांनी चाकांमागे फावड्याने उतार काढला. चिखल गाडीला आतून ओढून धरतो. ती पकड आधी सोडवली नाही तर दोरावर नको तेवढा ताण येतो. अडकलेली गाडी बहुतेक वेळा आली त्याच वाटेने सोपी निघते, म्हणून मागे खेचायचं ठरलं. एका वेळी एकच गाडी हा नियम पाळला होता म्हणूनच तिसरी गाडी मागे कोरड्या मुरमावर उभी होती, नाहीतर खेचणार कोण?

दोर ताणला जाणारा, नायलॉनचा. तो दोन्हीकडे चासीला बोल्ट केलेल्या रिकव्हरी पॉइंटला, म्हणजे गाडी ओढायच्या कडीलाच लावला. गाडीमागे ट्रेलर जोडायचा जो लोखंडी गोळा असतो त्याला तो कधीही लावायचा नाही. तो गोळा झटक्याने तुटला तर बंदुकीतून सुटल्यासारखा येतो, आणि यात माणसं जिवानिशी गेली आहेत. दोरावर ओलं पोतं टाकलं आणि सगळ्यांना दोराच्या लांबीच्या दीडपट लांब, बाजूला उभं केलं. एक हलका झटका, मग दुसरा. चिखलाने मोठा आवाज करून गाडी सोडली.

बांधावरून बघणाऱ्या दोन पोरांनी आमच्याआधी टाळ्या वाजवल्या आणि न सांगता शेताकडेचे दगड आणून खड्ड्यात टाकायला लागली. खड्डा भरला, वरंबा थोडा खाली घेतला.

माझी पाळी आली तेव्हा छाती धडधडत होती. जिप्सी वजनाला जेमतेम टनभर, हा तिचा गुण. पण लीफ स्प्रिंगमुळे ती चाकोरीत फार उसळते. लो रेंजचा दुसरा गिअर, पाय स्थिर, गिअरला हात नाही की क्लचला पाय नाही. चाकोरीत स्टिअरिंग फसवतं. तुम्ही ते वळवता, गाडी सरळच जाते, आणि चाकोरी संपते त्या क्षणी वळलेली चाकं गाडीला थेट बांधावर नेतात. म्हणून खिडकीतून डोकं काढून पुढचं चाक बघत राहिलो. पकड सुटतेय असं वाटलं तिथे स्टिअरिंग डावी-उजवीकडे थोडं थोडं हलवलं. टायरच्या कडा चाकोरीच्या भिंतीला धरतात आणि गाडी इंच इंच पुढे सरकते. पलीकडे मुरमावर चाकं टेकली तेव्हा मी गाडीतच मोठ्याने ओरडलो.

पुढचा ओढा आधी चालून पाहिला. पाणी चाकाच्या मध्यापर्यंतच होतं आणि ओढ नव्हती. सगळे शांतपणे पार झाले.

परतीचं काम मात्र मला चालवण्याइतकंच महत्त्वाचं वाटतं. सातही गाड्या निघाल्यावर आम्ही फावडी घेऊन पाणंदीत परत गेलो. खोल गेलेल्या चाकोऱ्या दगड-मुरमाने भरल्या, बांधाला एका ठिकाणी चाक घासलं होतं तिथे माती लावून दाबली. दुसऱ्या दिवशी त्याच वाटेने बाबांचा ट्रॅक्टर जाणार होता. ते येऊन बघून गेले, एक दगड हलवायला सांगितला, तो हलवला.

डांबरीवर चढण्याआधी चाकांचा चिखल खरवडून काढला. रस्त्यावर पडलेल्या त्या गोळ्यांवरून दुचाकी घसरते. रिमच्या आत चिखल राहिला तर साठच्या वेगाला स्टिअरिंग थरथरतं, तेही टळलं. कॉम्प्रेसरने हवा भरली. घरी पोचल्यावर रेडिएटरच्या जाळ्या मागून पुढे, बारीक धारेने धुतल्या आणि डिफरन्शियलचं, म्हणजे एक्सलमधल्या दातेरी चाकांच्या पेटीतलं, तेल तपासलं. पाणी शिरलं असेल तर ते दुधाळ दिसतं. माझं स्वच्छ होतं. दुसऱ्या एका गाडीचं बदलावं लागलं.