हँडहेल्ड पीसीची निवड, नोंद तिसरी : वजन आणि वॉट-तास

हँडहेल्ड पीसी म्हणजे हातात धरून संगणकावरील गेम खेळायचे छोटे यंत्र. असे एक घ्यायचे म्हणून मागील नोंदीत पाच यंत्रांची यादी दिली होती. गेल्या तीन आठवड्यांत ती दोनवर आली आहे आणि त्याला चिपपेक्षा माझे डावे मनगट व डेक्कन क्वीन हीच मुख्य कारणे आहेत. दर आठवड्याला सकाळी ७.१५ ला पुण्याहून निघून १०.२५ ला मुंबईला पोहोचायचे, म्हणजे ३ तास १० मिनिटे चार्जरविना खेळता आले पाहिजे, ही माझी मुख्य अट आहे.

प्रथम वजनाविषयी. दुकानांत मांडलेली यंत्रे दोन-चार मिनिटेच हाताळायला मिळतात आणि तेवढ्यात सर्वच हलकी वाटतात. म्हणून मी पुठ्ठ्याचे दोन नमुने केले, स्वयंपाकघरातील वजनकाट्यावर तांदूळ मोजून छोट्या पुरचुंड्या बांधल्या आणि त्या सरकू नयेत अशा आत चिकटवल्या. एक नमुना ६४० ग्रॅमचा, म्हणजे स्टीम डेक ओएलईडीच्या वजनाचा; दुसरा ८५४ ग्रॅमचा, म्हणजे कंट्रोलर जोडलेल्या लिजन गोच्या वजनाचा. रोज रात्री अर्धा तास, कोपर कशावरही न टेकवता, ते आलटून पालटून धरले. जड नमुन्यात विसाव्या मिनिटाच्या सुमारास करंगळीखालचा तळहात दुखू लागे आणि अंगठा स्टिकवरून (खेळातली हालचाल करायच्या छोट्या दांडीवरून) मोकळेपणाने फिरेनासा होई. हलक्यात अर्धा तास सहज जाई. लिजन गोचा ८.८ इंची पडदा मला मनापासून आवडतो, परंतु २५६० × १६०० म्हणजे डेकच्या १२८० × ८०० च्या बरोबर चौपट पिक्सेल, आणि बॅटरी मात्र ४९.२ वॉट-तासांची (वॉट-तास म्हणजे बॅटरीतल्या साठ्याचे माप). ते यंत्र यादीतून काढताना वाईट वाटले.

एमएसआय क्लॉचे यादीतले मॉडेल इंटेल चिपचे असल्यामुळे गळले, कारण पुढेमागे विंडोजऐवजी लिनक्स ही संगणकप्रणाली टाकायची असेल तर एएमडी चिपची वाट अधिक मळलेली आहे.

आता बॅटरी. कोथरूडच्या एका मित्राकडे मूळ आरओजी अ‍ॅलाय आहे. रविवारी त्याच्याकडे बसून १५ वॉटची मर्यादा लावली, पडद्याचा उजेड निम्म्यावर ठेवला आणि सायबरपंक २०७७ हा गेम सुरू केला. बॅटरी १०० टक्क्यांवरून २० टक्क्यांवर यायला ८५ मिनिटे लागली. तिची क्षमता ४० वॉट-तास, म्हणजे ८० टक्क्यांत ३२ वॉट-तास खर्च झाले आणि सरासरी साडेबावीस वॉटच्या आसपास निघाली. चिपला दिलेल्या १५ वॉटांवर पडदा, पंखा, मेमरी व एसएसडी यांचा हा साडेसात वॉटांचा भार असतो. यंत्रांची तुलना करताना तो आपण हमखास विसरतो. अ‍ॅलाय एक्समध्ये तीच झेड१ एक्स्ट्रीम चिप आणि तसाच ७ इंची १०८० पी पडदा असून बॅटरी ८० वॉट-तासांची आहे, त्यामुळे याच हिशेबाने साडेतीन तास मिळावेत. म्हणजे दादर येईपर्यंत बॅटरी तग धरेल. वजन ६७८ ग्रॅम. माझ्या हलक्या नमुन्यापेक्षा ३८ ग्रॅम अधिक, तेवढे मी सोसेन.

उरली दोन यंत्रे : डेक ओएलईडी आणि अ‍ॅलाय एक्स. डेकची ५० वॉट-तासांची बॅटरी कमी पिक्सेलच्या पडद्यामुळे चांगली पुरते, आणि बटण दाबताच खेळ जिथे थांबवला तिथूनच सुरू होण्याची स्टीमओएसची (डेकवरच्या लिनक्स-आधारित प्रणालीची) सोय विंडोजवर तितक्या भरवशाने मिळत नाही. स्टीमओएसवर व्हॅलरंट हा गेम चालत नाही ही भाच्याची तक्रार रास्त असली, तरी मी ऑनलाइन स्पर्धेचे गेम खेळत नाही. परंतु डेक बनवणारी व्हॉल्व्ह कंपनी भारतात ते अधिकृतपणे विकत नाही आणि बाहेरून मागवलेल्या यंत्राची स्टिक किंवा बॅटरी बिघडल्यास येथे वॉरंटी मिळणार नाही. रोज हाताळायच्या वस्तूबाबत ही जोखीम मला मान्य नाही.

म्हणून अ‍ॅलाय एक्स घ्यायचे ठरवले आहे. पहिला आठवडा विंडोजवरच वापरून स्लीपमध्ये रात्रभरात किती टक्के बॅटरी उतरते ते मोजेन, मग त्यावर बॅझाइट ही लिनक्स प्रणाली टाकून तेच मोजमाप पुन्हा घेईन. दोन्ही आकडे पुढील नोंदीत देतो.